कलेस आश्रय कोणाचा?

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर समाजाची चित्रकथी ही कला आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ऐकून ठाऊक असेल. प्रत्यक्ष पाहिलेले थोडेच. रामायण-महाभारतांतील एकेका आख्यानाचीं चित्रें कागदावर रंगवून त्यांची पोथी केलेली असते. दोन चित्रें पाठीला पाठ लावून चिकटविलेलीं असतात. कथेकरी एक पान श्रोत्यांसमोर उभें धरितो, कथा गाऊन सांगतो, आणि वीणा, टाळ व हुडुक यांची साथ चालू असतांच पान पालटतो. कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ हेही याच समाजांत वंशपरंपरेनें चालत आले आहेत.

या कलेस पूर्वीं सावंतवाडीच्या राजघराण्याचा आश्रय असे, आणि देवळांतून कथा सांगण्याचा मान ठाकर घराण्यांकडे असे. सन १९४८ मध्यें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. राजाश्रय गेला, लोकाश्रय त्याच्या जागीं आपोआप आला नाहीं. श्री. परशुराम गंगावणे यांनीं सन २००६ मध्यें आपल्या गुरांच्या गोठ्याचें संग्रहालय केलें, व सन २०२१ मध्यें त्यांस पद्मश्री हा बहुमान जाहीर झाला. गोठ्याचें संग्रहालय! शहरोशहरीं सभागृहांचे आराखडे काढणाऱ्यांनीं या दोन शब्दांपाशीं क्षणभर थांबावें.

परंतु संग्रहालय वस्तु राखतें. पोथी कांचेआड शंभर वर्षें टिकेल. ती कोणत्या चालीवर गावयाची, कोठें थांबावयाचें, हें कांच सांगणार नाहीं. तें कथेकऱ्याच्या गळ्यांत असतें, आणि बोलावणें आल्यावांचून तो गळा तयार राहत नाहीं. म्हणून लोककलांसाठीं झटणाऱ्या संस्थांनीं जमलेली देणगी भिंतींवर खर्चण्याआधीं कलावंतांस वर्षाकाठीं नियमित बोलावणीं मिळवून द्यावीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. सरकार वृद्ध कलावंतांस मानधन देतें, हें योग्यच आहे. पण तें हातीं पडतें उतारवयांत; पोथी शिकण्याचें वय त्याच्या पुष्कळ आधीं येऊन जातें. ज्या मुलास बाप पोटापुरतें मिळवितांना दिसत नाहीं, तो वीणा खुंटीस टांगून नोकरी शोधावयास निघाला तर त्यास दोष कोणीं द्यावा?

पालक म्हणतील, फी व पुस्तकें यांतच मेटाकुटीस येतों, त्यांत ही वर्गणी कशाला? त्यांची अडचण खरी आहे. आम्ही नवी वर्गणी मागत नाहीं. स्नेहसंमेलनास मंडप, दिवे व ध्वनिवर्धक यांवर शाळा खर्च करितातच. मंडपवाल्यास कोणी असें सांगत नाहीं कीं, मुलांपुढें तुमचें नांव होईल, तेंच मोल समजा. कथेकऱ्यास मात्र हें सहज सांगितलें जातें, वर शाल व नारळ देऊन त्याची बोळवण होते. (शालीनें भाडें भागत नाहीं, हें सांगण्याची पाळी यावी याचेंच नवल वाटतें.)

विद्यार्थिमित्रांनो, कथा संपल्यावर पुढें होऊन पान कसें पालटतात, रंग कसे लावितात, हें अवश्य विचारा. आणि चालकांनीं पुढील संमेलनाचें अंदाजपत्रक मांडतांना कथेकऱ्याची बिदागी व प्रवासखर्च हीं दोन कलमें मंडपाच्या आधीं लिहावीं.