मध्येच थांबली तर?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे कॅनडाला होतो, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. तिथल्या बाजाराबद्दल, शेजाऱ्यांबद्दल लिहून झालं. एक गोष्ट मात्र राहिली होती, कारण ती आमच्या नातवाची होती आणि त्याची परवानगी मिळायची होती. ती या जानेवारीत फोनवर मिळाली. "नाव बदला," एवढीच अट. तेव्हा इथे त्याला झैद म्हणू. वय अकरा.

सना आणि जावई इम्रान व्हँकुव्हरजवळ राहतात. तिथून व्हिसलर मोटारीने दोनेक तासांवर. बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी, म्हणजे स्कीइंगसाठी, हे गाव जगभर प्रसिद्ध आहे. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या उतारावरच्या शर्यती इथेच झाल्या. आम्ही गेलो ऐन उन्हाळ्यात, पण लिफ्ट तेव्हाही चालू असतात, डोंगर पाहायला येणाऱ्यांसाठी. वाटेत स्क्वॉमिश लागतं. तिथेही डोंगरावर जाणाऱ्या केबिनची एक ओळ दिसते. सनाने सहज सांगितलं की २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुणीतरी रात्री तिचा दोर कापला आणि केबिन खाली कोसळल्या. दुरुस्त करून सुरू केली, तर २०२० च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा तेच. रात्रीची वेळ म्हणून दोन्ही वेळा जीव वाचले. आम्ही "तौबा" म्हणालो आणि डब्यातली नानकटाई पुढे केली. झैदने घेतली नाही. तेव्हा आम्हाला त्यात काही वाटलं नाही.

घसरत खाली यायचं तर आधी वर जायला हवं, म्हणून लिफ्ट. बंद केबिन असते तशी उघडी खुर्चीही असते: दोराला टांगलेला बाक, पुढे एक आडवी दांडी, खाली फळी नाही, बाजूला भिंत नाही. या खुर्चीची कथा मोठी मजेशीर आहे. १९३६ साली अमेरिकेत सन व्हॅली इथे पहिली चेअरलिफ्ट बसवली, ती जेम्स करन या रेल्वे कंपनीच्या इंजिनिअरने. त्याने त्याआधी बोटीत केळीचे घड चढवायची आकड्यांची यंत्रं पाहिली होती. घडाच्या जागी माणूस बसवला की झाली चेअरलिफ्ट. आमच्या जळगावकर वाचकांना हे वाचून बरं वाटेल.

व्हिसलर गावातून केबिनने आम्ही वरच्या विश्रामगृहापर्यंत पोहोचलो. तिथून थोडं खाली उतरलं की शिखराकडे नेणारी चेअरलिफ्ट लागते. सुरुवातीला ती उतारावरून शहाण्यासारखी जाते. मग डोंगर एकदम कड्यासारखा उभा राहतो. खांब उभे करायचे ते पाय रोवायला जागा मिळेल तिथे. मधल्या घळीत जमीन खोल गेली तरी दोर आपला सरळ जातो. त्यामुळे एरवी माडीच्या उंचीवरून चाललेली खुर्ची अचानक मनोऱ्याच्या उंचीवर लोंबू लागते, खाली नुसते खडक.

"माझं पोट दुखतंय," झैद म्हणाला.

इम्रानचा आवाज चढला. "दर वेळी बरं दुखतं! हिबा सहा वर्षांची आहे, ती निघाली. तू मुलगा ना?"

आणि आम्ही? आम्हीही हसत म्हणालो, "अरे, आम्ही या वयात रायगडाच्या रोपवेत बसलो, तू काय घाबरतोस?" हे लिहिताना लाज वाटते, पण म्हणालो खरं.

मुलाचा चेहरा पाहून शेवटी आम्ही दोघं त्याच्याजवळ थांबलो. सना, इम्रान आणि हिबा वर गेले. विश्रामगृहात बटाट्याच्या तळलेल्या काड्या घेऊन बसलो. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग ताटलीकडे बघतच म्हणाला, "नानी, मध्येच थांबली तर?"

मग सगळं बाहेर आलं. दोन हिवाळ्यांपूर्वी शाळेची स्कीइंगची सहल होती. तो खुर्चीच्या कडेला, शेजारी मोठ्या वर्गातली दोन मुलं. एका घळीवर लिफ्ट थांबली. पायात जड बूट, बुटाला लांब पट्ट्या, त्यांचं ओझं पाय खाली ओढत होतं. दांडी मोठ्या मुलांच्या मांड्यांना टेकली होती, त्याच्यापुढे हातभर फट. त्यात ती मुलं गंमत म्हणून खुर्ची झुलवू लागली. किती वेळ गेला? "कदाचित दहा मिनिटं," तो म्हणाला, "पण मला तासभर वाटला." त्यानंतर दर सहलीला त्याचं पोट दुखलं. घरात कुणाला सांगितलं नाही. का, हे विचारायची गरज नव्हती. उत्तर आम्ही नुकतंच आमच्याच तोंडून ऐकलं होतं.

आता काय सांगायचं? तोंडावर आलेलं वाक्य होतं, "काही होत नाही रे." पण ते खरं नाही. २०१७ साली ईदच्या तोंडावर गुलमर्गला झाड कोसळून गोंडोलाची केबिन खाली पडली आणि सात जण गेले. २०२२ च्या एप्रिलमध्ये झारखंडात देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावर माणसं ट्रॉलीत रात्रभर अडकली. वायुदलाच्या हेलिकॉप्टरने काढताना काही हातून सुटली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानातल्या बट्टग्राममध्ये शाळेला निघालेली मुलं तुटक्या दोराला लटकून राहिली, तेव्हा आम्ही टीव्हीसमोरून उठलो नव्हतो. अल्हम्दुलिल्लाह, ते आठही जण वाचले. हे सगळं पाहिलेल्या माणसांनी अकरा वर्षांच्या मुलाला "काही होत नाही" म्हणणं म्हणजे त्याला मूर्ख समजणं. त्यालाही मोबाईल पाहता येतो.

म्हणून आम्ही त्याला घेऊन तिथल्या कर्मचारी मुलीकडे गेलो आणि त्याचा प्रश्न त्यालाच विचारायला लावला. आमचं इंग्रजी अडखळलं तिथे तोच दुभाषी झाला. ती हसली नाही, हे आमच्या लक्षात राहिलं. तिने सांगितलं की चेअरलिफ्ट बहुतेक वेळा थांबते ती कुणी चढता-उतरताना पडलं म्हणून. चालवणारा बटण दाबतो, माणूस उठला की पुन्हा सुरू. मोटर बंद पडली तर जोडीला दुसरं इंजिन असतं. तेही चाललं नाही, तर बचाव पथक दोरावरून दुसरा दोर टाकून एकेकाला खाली उतरवतं. याचा सराव ते करत असतात.

झैदने खिडकीबाहेर बोट दाखवलं. "आणि ती?"

ती म्हणजे 'पीक टू पीक'. व्हिसलर आणि समोरचा ब्लॅककोम हे दोन डोंगर, मध्ये दरी, तळाशी फिट्झसिमन्स नावाचा ओढा. डिसेंबर २००८ मध्ये या दोन डोंगरांना केबिनच्या रस्त्याने जोडलं. लांबी ४.४ किलोमीटर आणि खांब फक्त चार, दोन इकडे, दोन तिकडे. मधले तीन किलोमीटर दोराला खालून कसलाच आधार नाही. सर्वांत खोल जागी केबिन ओढ्यापासून ४३६ मीटर वर असते. रायगडाचा रोपवे पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढतो ती उंची साधारण चारशे मीटर. तेवढी उंची एकदम, पायाखाली.

"तिथून दोराने नाही उतरवता येत," ती म्हणाली. मुलाचे डोळे मोठे झाले. पण तिने पुढचंही सांगितलं. उतरवता येत नाही हे बांधणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. म्हणून भिस्त ठेवलेली असते ती केबिन कसंही करून स्थानकापर्यंत ओढून आणण्यावर, आणि एक यंत्रणा बंद पडली तर दुसरी त्यासाठीच तयार असते. शिवाय प्रत्येक केबिन दोन जाड दोरांवरून चालते आणि तिसरा दोर तिला ओढतो, त्यामुळे वाऱ्यात ती एकदोरी लिफ्टपेक्षा स्थिर राहते. वारा फारच वाढला तर बंद ठेवतात.

झैदने ऐकून घेतलं. समजूत पटली असं नाही, पण प्रश्न विचारल्याबद्दल कुणी हसलं नाही, हे त्याला पुरलं असावं.

वरची मंडळी परतली. इम्रानचा चेहरा उतरलेला. "चढताना तोंड डोंगराकडे असतं," तो म्हणाला, "उतरताना समोर काहीच नसतं." सना हसू दाबत म्हणाली, "हिबाचा हात यांनी धरला होता की यांचा हिबाने, ते विचारा." आम्ही झैदला आधीच विचारलं होतं, अब्बूंना सांगू का? तो म्हणाला होता, "सांगा, पण मी नसताना." तो बहिणीला घेऊन मार्मोट शोधायला गेला. खारीच्या जातीचा हा गुबगुबीत प्राणी शीळ घालतो, त्या शिळेवरूनच डोंगराला व्हिसलर नाव पडलं. तेवढ्यात आम्ही इम्रानला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग इतकंच म्हणाला, "अम्मी, दोन वर्षं?"

पलीकडे जायचं का, हे झैदवर सोडलं. तो म्हणाला, "बसतो. पण काचेच्या तळाच्या केबिनमध्ये नाही." अठ्ठावीस केबिनपैकी दोघींच्या तळाला काच आहे, त्यांची रांगही वेगळी. हिबाला तीच हवी होती, म्हणून सना तिच्याबरोबर गेली. आम्ही चौघं साध्या केबिनमध्ये चढलो. सफरची दुआ या वेळी झैदने आमच्याआधी म्हटली.

खांबावरून जाताना खडखड झाली, मग सगळं शांत. खालची देवदारं शेवाळासारखी दिसू लागली. आमच्या दोघांपैकी एकाला उंचीची भीती आहे. कुणाला, ते घरचे जाणतात. पण तिथे, ४३६ मीटरवर, ती भीती आलीच नाही. पायाखाली जमीन होती, खांद्याला भिंत होती आणि तळ इतका दूर की डोळ्याला त्याचं माप घेता येईना. उघड्या खुर्चीतून मात्र प्रत्येक खडक ओळखता येतो आणि पाय मोकळे लटकत असतात. मुलाची भीती मीटरने मोजायला निघालो होतो आम्ही! ज्याला ४३६ मीटर जमतात त्याला वीस मीटर का जमू नयेत, हा हिशेब कागदावरच बरोबर येतो.

अर्ध्या वाटेत केबिन हळू झाली आणि थांबली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इम्रानने कडी घट्ट धरली. झैद म्हणाला, "कुणीतरी चढताना अडखळलं असेल, नाना. आता सुरू होईल." मग बापाकडे वळून हळूच, "अब्बू, तुम्हाला वरती भीती वाटली होती?"

"वाटली," इम्रान म्हणाला. "आत्ताही वाटतेय."

मिनिटभराने केबिन हलली. अकरा मिनिटांचा प्रवास बाराचा झाला.

जानेवारीतल्या फोनवर सनाने सांगितलं की शाळेच्या सहलीचा कागद पुन्हा आला. यंदा झैदचं पोट दुखलं नाही. त्याने स्वतः सरांना विचारून ठेवलं, चेअरलिफ्ट न घेता येता येईल का? येतं म्हणे. नवशिक्यांच्या उतारावर जमिनीलगत एक सरकता पट्टा असतो, त्यावर नुसतं उभं राहायचं आणि तो वर नेतो. अकरा वर्षांचा मुलगा चार-पाच वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभा राहणार. इम्रानने काही न बोलता सही केली. त्या पट्ट्याला तिकडे मॅजिक कार्पेट म्हणतात. नाव उडत्या गालिच्याचं, पण जमीन सोडत नाही.