खेळ आणि कठीण काव्य

वय वाढलें कीं खेळ सोडावा आणि ग्रंथ धरावा, असा वडीलधाऱ्या मंडळींचा उपदेश असतो. त्यांतील उत्तरार्ध आम्हांस सर्वथैव मान्य आहे. पूर्वार्धाविषयीं मात्र दोन शब्द लिहावेसे वाटतात. कारण, बालपणीं टी.व्ही.ला यंत्र जोडून आणि कॅसेट फुंकून खेळलेला 'सुपर मारिओ' हा व्हिडिओ गेम आम्ही अद्यापि खेळतों.

जपानांतील निन्टेंडो कंपनीनें हा खेळ १९८५ सालीं काढला. त्यांत आठ जगें असून प्रत्येकांत चार टप्पे आहेत. पहिल्या दिवशीं आम्ही पहिल्याच शत्रूस धडकून मेलों. पडावें, पुन्हां आरंभ करावा, खड्डा कोठें आहे तें ध्यानांत ठेवावें, एवढीच ती विद्या. आणि पडण्यांत आम्हांस कधीं अपमान वाटला नाहीं.

पुढें कॉलेजांत विल्यम ब्लेक या इंग्रज कवीचें 'जेरुसलेम' हें काव्य हातीं आलें. १८०४ सालीं आरंभिलेलें हें पुराण ब्लेकनें तांब्याच्या शंभर पत्र्यांवर स्वतः कोरिलें आणि १८२० च्या सुमारास स्वतःच छापिलें. त्यांतील लॉस नांवाचा लोहार त्याच्याच कल्पनेंतून जन्मला. निद्रिस्त महापुरुष अल्बियन याचें नांव जुनें, परंतु त्याची कथा ब्लेकचीच. चार पानांतच आमची मति कुंठित झाली. तरी वर्गांत आम्हीं 'समजलें' म्हणून मान डोलाविली, घरीं येऊन ग्रंथ मिटला, आणि कित्येक वर्षें तो उघडला नाहीं.

एके सायंकाळीं आम्ही खेळत असतां धाकटा पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही पुन्हां मेलांत! आतां काय?" आम्हीं सहज उत्तर दिलें, "आतां पुन्हां." तें बोलतांच त्या मिटलेल्या ग्रंथाची आठवण होऊन आम्ही मनांत खजील झालों. त्याच रात्रीं तो काढिला. रोज एक पान मोठ्यानें वाचावें, अपरिचित नांवें वहींत टिपावीं, आणि अर्थासाठीं हट्ट धरूं नये, असा नेम केला. महिन्याभरांत लॉस ओळखीचा झाला. पुष्कळ भाग अद्यापि उमगलेला नाहीं. परंतु आतां त्याची भीति वाटत नाहीं.

कोणी म्हणेल, खेळाची आणि काव्याची बरोबरी कशी व्हावी? बरोबरी नाहींच. आठवें जग जिंकलें कीं खेळ सरतो. काव्य मात्र पुन्हां वाचावें तों नवें कांहीं देतें. शिवाय अभ्यासाचा वेळ खाणारा खेळ आम्हांसही मान्य नाहीं. परंतु हरल्यावर न लाजतां परत येण्याचा जो धडा आम्हांस खेळानें दिला, तो आम्ही वर्गांत शिकलों नव्हतों.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, कठीण कविता पुढें आली असतां खोटी मान डोलावूं नका. आणि पालकहो, मुलानें "समजलें नाहीं" असें प्रामाणिकपणें सांगितलें, तर रागावूं नका, त्याच्याजवळ बसा आणि म्हणा, "आतां पुन्हां."