कोयता, रिचार्ज आणि कंपनीचा अंदाज

धर्मापुरीच्या किराणा दुकानदाराला गिऱ्हाईक तुटल्याचे आठ-पंधरा दिवसांत कळते. तेल-मीठ न्यायला कोणी आले नाही की तो शेजाऱ्याला विचारतो, "गावाला गेले का हो?" मोबाईल कंपन्यांची गिऱ्हाईके कोट्यवधी. त्या कोणाकोणाची चौकशी करणार? म्हणून हे काम आता संगणकाकडे सोपविलेले आहे.

आम्ही पडलो हिशेबाचे कारकून, तेव्हा ही रीत आम्हास खतावणीसारखी वाटते. जुन्या गिऱ्हाइकांची नोंद संगणकाला द्यायची: रिचार्ज किती दिवसांनी केले, बोलणे कमी झाले काय, तक्रार किती वेळा केली, आणि शेवटी कोण राहिले, कोण गेले. त्यावरून तो आजच्या प्रत्येक नंबराची सोडून जाण्याची शक्यता काढतो. जास्त शक्यता असेल त्यास कंपनी सवलत देऊ करते. कारण नवे गिऱ्हाईक आणण्यापेक्षा जुने टिकविणे स्वस्त पडते.

यात एक गंमत आहे. समजा 100 पैकी 3 जण जाणार आहेत. "कोणीच जाणार नाही" असे डोळे मिटून सांगणारा संगणकही 97 जणांबाबत बरोबर ठरेल! तेव्हा टक्केवारीला भुलू नये. त्या तिघांपैकी किती ओळखले, हे विचारावे.

आता आपले दुखणे. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातले कोयते ऊसतोडीला निघतात, मागे म्हातारी माणसे आणि लेकरे राहतात. आमच्या शेजारच्या आजींचा फोन असाच पडून राहिला. मुलगा कारखान्यावर, रिचार्ज करणार कोण? असा नंबर पाहून संगणक काय समजणार? गिऱ्हाईक चालले! हातात पैसा नाही आणि मन उडाले, या दोन्ही गोष्टी त्याला सारख्याच दिसतात. शिवाय सवलत द्यायची ती मोठे बिल भरणाऱ्याला, हा धंद्याचा हिशेबच आहे. आजींना कोणाचा फोन आला नाही. नंबर बंद झाला, बँकेचे निरोप थांबले, आणि नवा नंबर जोडायला आजींना दोन खेपा पडल्या.

ट्रायचा 2013 चा नियम असा की, 90 दिवस वापर नसला तरी प्रीपेड खात्यात 20 रुपये शिल्लक असतील, तर ते कापून आणखी 30 दिवस नंबर चालू ठेवावा लागतो. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने नुसते बोलणे व मेसेज यांचे वेगळे पॅक ठेवण्यासही कंपन्यांना सांगितले. इंटरनेट न वापरणाऱ्या आजींना तेवढे पुरे.

आणि खरेच सोडायचे असेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर आहे. PORT लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून 1900 वर मेसेज करावा. जुलै 2024 मध्ये दर वाढले तेव्हा लाखो लोक बीएसएनएलकडे वळले ते याच सोयीने. मात्र प्रीपेडची उरलेली शिल्लक नव्या कंपनीत येत नाही, ती आधी संपवावी.

आजींनी नवे सिम घेतले आहे. शिल्लक पाहण्याचे काम आम्ही त्यांच्या सातवीतल्या नातवाकडे दिले आहे.