आयात खेळांचा पैसा कोणाच्या खिशात?

सोनीचे ‘पीएसपी’ हे हातात मावणारे खेळयंत्र डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये विक्रीस आले. युरोपला मात्र सप्टेंबर २००५ पर्यंत ताटकळावे लागले. हाँगकाँगच्या ‘लिक-संग’ या विक्रेत्याने नेमकी हीच संधी साधली. माल अस्सल होता, नक्कल नव्हे. तरीही सोनी लंडनच्या उच्च न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २००६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागताच लिक-संगने गाशा गुंडाळला. सोनीने ग्राहकांच्या सुरक्षिततेची ढाल पुढे केली. पण सल बहुधा निराळाच असावा. अस्सल खेळ टोकियोत विकला जावो वा लंडनमध्ये, त्यामागचे परवाना शुल्क प्रकाशकाकडून सोनीला मिळतेच. परदेशातून खेळ मागवल्याने हुकतो तो युरोपीय वितरकाचा आणि स्थानिक दुकानदाराचा नफा.