जुन्या सोडतींच्या तक्त्यातील फसगत



ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीच्या जुन्या सोडती एक्सेलमध्ये मांडून बरेच दिवस न आलेले आकडे निवडावेत, हा गेल्या अंकातील पत्राचा सल्ला वाचकांच्या खिशाला चाट लावणारा असल्याने त्याचा प्रतिवाद आवश्यक ठरतो. काउंटइफ हे सूत्र आकडा किती वेळा आला एवढेच मोजते. यंत्रातील चेंडूंना मात्र मागच्या सोडतीची स्मृती नसते. ४९ चेंडूंतून ६ निघत असताना ४९० सोडतींत प्रत्येक आकडा सरासरी ६० वेळा यावा, आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या स्वाभाविक चढउताराचे माप, सुमारे ७ असल्याने एखादा ४८ वेळा व दुसरा ७२ वेळा आला, तरी त्यात नवल नाही. शिवाय ऑक्टोबर २०१५मध्ये चेंडू ५९ झाले. १९९४पासूनची सगळी नोंद एकत्र ओतली, की ५० ते ५९ हे आकडे उगाचच मागे पडलेले दिसतात. इतर खेळणारे काय निवडतात हे कळले, तर निदान बक्षिसाची वाटणी टाळता येईल, पण निघालेल्या आकड्यांच्या तक्त्यात ती माहिती नसतेच. १४ जानेवारी १९९५ रोजी ७, १७, २३, ३२, ३८, ४२ हे आकडे निघाले आणि पहिले बक्षीस १३३ तिकिटांत विभागले गेले. ५९ चेंडूंत ते मिळण्याची शक्यता ४,५०,५७,४७४मध्ये एक आहे, आणि कोणत्याही सहा आकड्यांना ती सारखीच लागू पडते.

— एक वाचक