रस्सा मुरतो, आणखी काय काय होते

चिकनचा रस्सा शिजायला पाऊण तास लागतो आणि निवायला अख्खी रात्र. पाककृतीत पाऊण तासाचा हिशेब असतो, रात्रीचा नसतो. गटारी उलटताच या आठवड्यात नवी मुंबईतल्या मोबाइलांवर तो जुना सल्ला पुन्हा फिरला: रस्सा रात्रभर ओट्यावर मुरू द्यावा, सकाळी चव दुप्पट होते. दुप्पट नेमके काय होते, ते पुढे येईलच.

शिजवण्याबाबत आगरी-कोळी घरांना शिकवण्यासारखे फार थोडे आहे. कोंबडीला हळद, मीठ, आले-लसूण चोळावे, कांदा तेलावर लाल करावा, मसाला टाकावा आणि झाकणीवर पाणी ठेवून तुकडे वाफेवर शिजू द्यावेत. झाकणीवरचे तापलेले पाणीच मग रश्शात ओतायचे आणि भाजल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण शेवटी घालायचे. ब्रॉयलर अर्ध्या तासात शिजते, गावठीला तास-दीड तास लागतो. तुकड्याचा गाभा ७४ अंश सेल्सिअसला पोहोचला की मांस सुरक्षित. हाडाजवळचा लालसरपणा ही कच्चेपणाची खूण नव्हे. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला मगज शिजल्यावरही लाल दिसतो. कोंबडी नळाखाली धुण्याचा सोहळा मात्र टाळावा. त्याने जिवाणू जात नाहीत, सिंकभर उडतात.

गडबड सुरू होते ती गॅस बंद झाल्यावर. ती समजून घ्यायला बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातली मासळी पाहावी. तिथे कोळीण पाटीत बर्फाचा थर, मासळीचा थर, पुन्हा बर्फ अशी रचना करते. ढिगावर नुसता बर्फ टाकला तर मधली मासळी उबदारच राहते, हे तिला कोणत्याही पुस्तकाने सांगितलेले नाही. उष्णता पृष्ठभागातून बाहेर पडते. थर जितका पातळ, तितका तो लवकर गार. गिऱ्हाईकही कमी नाही. कल्ला उचलून पाहील, डोळा पाहील, बोटाने दाबून पाहील. तेच गिऱ्हाईक घरी पाच लिटरचा टोप झाकण लावून रात्रभर ओट्यावर ठेवते.

टोपात मधला रस्सा कित्येक तास कोमट राहतो. उकळीने बहुतेक जिवाणू मरतात, पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे बीजाणू तगून राहतात. उकळताना रश्शातली हवा निघून गेलेली असते आणि या जिवाणूला हवा नकोच असते. ४३ ते ४५ अंशांच्या आसपास तो साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे तीन तासांत अडीच लाखांवर. दुप्पट होते ते हे. शिवाय मासळीपाशी चालणारे नाक इथे चालत नाही, कारण रश्शाला वास येईलच असे नाही. दुसऱ्या दिवशी पोटात कळा आल्या की दोष मोरबे धरणाच्या पाण्याला जातो. टोप निर्दोष सुटतो.

मुरवण्याची ही श्रद्धा बहुधा शिळ्या कालवणातून आली असावी. पण माशाच्या कालवणात कोकम किंवा चिंच असते आणि आंबटपणा जिवाणूंची वाढ मंदावतो. खोबऱ्याच्या वाटणाच्या चिकनला तो आधार नसतो.

निवण्याचा सर्वमान्य नियम असा: ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत, पुढे ५ अंशांपर्यंत आणखी चार तासांत. पावसाळ्यातल्या नवी मुंबईत ओट्यावरचा रस्सा २१ अंशांवर कधीच येत नाही, कारण खोलीच पंचवीसच्या वर असते. म्हणून टोप बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून ढवळावा आणि रस्सा दोन इंचांहून कमी खोलीच्या पसरट डब्यांत वाटून टाकावा. वाफ ओसरली की डबे थेट फ्रिजमध्ये. गरम टोप आत ढकलला तर तो स्वतः लवकर निवत नाही आणि शेजारचे दूधही तापवतो.

फ्रिजमध्ये, ५ अंशांखाली, रस्सा तीन-चार दिवस टिकतो. फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन-तीन महिने चव राहते. मात्र बटाटे आधी काढावेत, ते भुसभुशीत होतात. नेरूळ-वाशीतल्या मल्याळी घरांत होतो तो नारळाच्या दुधाचा स्ट्यू गोठवायचा असेल, तर दूध नंतर, गरम करताना घालावे. गोठल्यावर ते फुटते. गोठलेला डबा ओट्यावर नव्हे, फ्रिजमध्येच वितळवावा. लागेल तेवढाच रस्सा काढून खळखळ उकळावा आणि उरलेला पुन्हा आत ठेवू नये.

सकाळ-संध्याकाळ उकळी देण्याची जुनी रीत फ्रिज नसतानाची. उकळीने वाढलेले जिवाणू मरतात. बीजाणू राहतात, आणि स्टॅफिलोकोकस जिवाणूने आधीच सोडलेले विष उकळीलाही दाद देत नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेला रस्सा उकळून वाचवता येत नाही, तो टाकावाच लागतो. गटारीच्या रात्री हा प्रश्न येत नाही, श्रावणाच्या धाकाने टोप पहाटेपर्यंत रिकामा होतो. बाकीच्या रविवारी ते काम पसरट डब्यांनी करायचे.