'नाही' म्हणा, पण का ते सांगा!

सातवं सेमिस्टर सुरू झालं की आपल्या हॉस्टेलमध्ये दोनच जाती उरतात. ज्यांचं 'झालं' ते, आणि ज्यांचं 'व्हायचंय' ते. पहिल्यांकडून पार्टी उकळायची आणि दुसऱ्यांच्या पाठीवर थाप मारून "अरे, पुढची कंपनी तुझीच!" म्हणायचं, हा इथला शिरस्ता. पण या दुसऱ्या गटातल्या कुणालाही विचारून बघा, "तुझं नेमकं कशात गेलं रे?" उत्तर ठरलेलं, "काय माहीत!"

या 'काय माहीत'बद्दलच चार शब्द लिहायचे आहेत.

अ‍ॅप्टी होते, कोडिंग होतं, जीडी होतो, टेक्निकल होतो, एचआर होतो. इस्त्रीचा शर्ट आणि रूममेटचा टाय घालून पोरगं सकाळी आठपासून सेमिनार हॉलबाहेर बसलेलं असतं. रात्री ग्रुपवर यादी येते. नाव आहे किंवा नाही, विषय संपला. ऑफ-कॅम्पसची कथा तर आणखी न्यारी. तिथे उत्तर पाठवता येत नाही अशा पत्त्यावरून 'धन्यवाद, या वेळी आम्ही इतर उमेदवारांचा विचार करत आहोत' असा मेल येतो. तोही नशीब असेल तर! नाहीतर भिजत घोंगडं तसंच पडून. आपला अर्ज माणसाने वाचला की मशीननेच गाळला, तेही कळत नाही.

आता गंमत बघा. एम-थ्रीचा पेपर उडाला तर आपण युनिव्हर्सिटीत पैसे भरून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवू शकतो, रिव्हॅल्यूएशनला टाकू शकतो. गेटला बसलात तर तुमचे रिस्पॉन्सेस आणि आन्सर की दोन्ही समोर येतात, हरकतही घेता येते. माहिती अधिकाराचा कायदा २००५ साली आला आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा परीक्षार्थीचा हक्क आहे. त्याला मर्यादाही आहेत. २०१८ मध्ये यूपीएससीच्या प्रकरणात त्याच कोर्टाने म्हटलं, की असे गुण सरसकट उघड करायला लावता येणार नाहीत. पण निदान वाद घालायला जागा तरी आहे! खासगी कंपनीला हा कायदा थेट लागूच होत नाही. म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरात का नापास झालो ते विचारायची सोय आहे, आणि चार वर्षं ज्यासाठी घासली तिथे मात्र अळीमिळी गुपचिळी.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेऊ. एका दिवसात दोन-अडीचशे पोरं बघायची, संध्याकाळची गाडी पकडायची, कुणाकुणाला कारणं देत बसणार? शिवाय कारण दिलं की पोरगं वाद घालणार, एखादं कोर्टातही जाणार. झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि बऱ्याचदा खरोखरच कारण नसतं. जागा चार, चांगले पाच, कुणीतरी राहणारच.

हे सगळं मान्य. पण मग तेवढंच सांगा ना! "तू पाचवा होतास" हे एक वाक्य ऐकलं तर पोरगं दुसऱ्या दिवशी ताठ मानेने पुढच्या कंपनीला बसेल. ते कळलं नाही म्हणून काय होतं, ते आपण प्रत्येक विंगमध्ये बघतो. कारण मिळालं नाही की माणूस ते स्वतः तयार करतो. "माझं इंग्रजीच कच्चं", "आपण पडलो मराठी मीडियमचे", "आपली ब्रँचच चुकली", "सगळं सेटिंग असतं रे". कदाचित त्याचा फक्त पॉइंटरचा एक प्रश्न चुकलेला असतो, जो दोन दिवसांत पक्का झाला असता. पण तो मुलगा पुढच्या जीडीत तोंडच उघडत नाही, कारण आपलं इंग्रजी ऐकूनच काढलं अशी त्याची खात्री झालेली असते. घरून फोन येतो, "काय रे, काय झालं?" त्यालाही उत्तर तेच, "काय माहीत". तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि या गप्प बसण्याआड खरा अन्यायही लपू शकतो. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये एका उमेदवार बाईंच्या खटल्यात सांगितलं, की नाकारलेल्या उमेदवाराला कंपनीकडून माहिती मिळवायचा थेट हक्क नाही. पण कंपनीने काहीच सांगायला नकार दिला, तर भेदभाव झाला का हे ठरवताना तो नकारही लक्षात घेता येईल. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून नियम आला आहे. २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने जाहिरात देऊन मुलाखत घेतली, तर ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवायचं. तिथेही 'का' सांगायची सक्ती नाही. पण घोंगडं भिजत ठेवायचं नाही, एवढं तरी ठरलं.

आपण तर इंजिनिअर! फीडबॅक म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. कंट्रोल सिस्टीम्सच्या पहिल्याच लेक्चरला ओपन लूप आणि क्लोज्ड लूप येतं. १९२७ साली बेल लॅब्जमधल्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना निगेटिव्ह फीडबॅक अ‍ॅम्प्लिफायरची कल्पना सुचली. आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत इनपुटला द्यायचा. गेन कमी होतो, पण डिस्टॉर्शनही कमी होतं. माणसाचंही तसंच. "तुझं डीबीएमएस कच्चं आहे" ऐकून थोडा गेन जाईल, पण पुढचा इंटरव्ह्यू स्वच्छ होईल. आणि लूपमध्ये डिले जास्त झाला तर सिस्टीम हेलकावे खाते, हेही आपण शिकलोय. सीझन संपल्यावर आलेलं कारण काय चाटायचंय?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या टी अँड पी सेलने कंपनीला बोलावताना सीजीपीएची अट विचारतो, पॅकेज विचारतो, तसाच एक अर्ध्या पानाचा फॉर्म द्यावा. इंटरव्ह्यूपर्यंत पोचलेल्या प्रत्येकासाठी फक्त टिक करायची: बेसिक्स कच्चे, कोडिंग, बोलणं, प्रोजेक्टची माहिती नाही, किंवा 'चांगला होता, जागा संपल्या'. एका मुलाला अर्धा मिनिट. आठ दिवसांत तो कागद फक्त त्या मुलाच्या हातात पडावा, नोटीस बोर्डावर नाही. सगळ्या कंपन्या देणार नाहीत. दहातल्या तिघांनी दिला तरी तो शून्यापेक्षा बराच.

आपणही काही गोष्टी कराव्यात. इंटरव्ह्यूहून आल्यावर मेसला जायच्या आधी विचारलेले प्रश्न वहीत उतरवा. दुसऱ्या दिवशी निम्मे विसरतात. कारण विचारायचं तर एकच प्रश्न, नम्रपणे, आणि उत्तर काहीही आलं तरी वाद नाही. कारण आज तुम्ही भांडलात, तर उद्या ती कंपनी ज्युनियर्सना काहीच सांगणार नाही.

आणि सर-मॅडमना एक विनंती. मॉक इंटरव्ह्यूनंतर नुसते मार्क नकोत, दोन ओळी लिहून द्या. सेशनलचा पेपरही लाल आकडा टाकून परत येतो, त्यावरही एखादी ओळ आली तर बिघडेल का? आपल्या क्लबांनी आणि फेस्टच्या कमिट्यांनीसुद्धा एफईच्या पोरांना 'सिलेक्ट नाही' म्हणताना कारण सांगायची सवय लावावी. उद्या यातलेच काही जण टेबलाच्या पलीकडे बसून दोन-अडीचशे पोरं बघणार आहेत. कारण सांगायची सवय इथे लागली, तरच ती तिथे टिकेल.